जुने तारकाम उजळायला देण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा. डिचोलीच्या एका ताईंकडे त्यांच्या आजेसासूबाईंचे हातातले, म्हणजे ब्रेसलेट, आहे. चांदीचे, वर सोन्याचे पाणी. पाच कोरीव पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीभोवती बारीक तारेची नक्षी, म्हणजे तारकाम किंवा फिलिग्री. आजेसासरे लॉरेन्सो मार्किसला, आजच्या मापुतोला, नोकरीला होते. तिथून आणले असे घरात सांगतात. दोन ठिकाणी तार तुटली आहे, एक पट्टी हलते, आणि एकीच्या मागे हिरवट काहीतरी जमले आहे. बाजारातल्या एका सराफाने सांगितले, ‘उकळून, पॉलिश करून नवे करून देतो, मोडीत मात्र काही यायचे नाही.’ ताई विचारतात, वस्तूची खरी अवस्था घरी बघता येईल का? आणि चतुर्थीपूर्वी दुरुस्त करून घ्यावी का?

ताई, पहिले उत्तर दुसऱ्या प्रश्नाचे देतो. चतुर्थीपूर्वी ते कुणाच्याही हातात देऊ नका. उकळणे म्हणजे वस्तू तापवून पातळ तेजाबात बुडवणे. नुसत्या चांदीच्या वाळ्याला ते चालते. तुमच्या हातातल्यात धातूच्या पोटात दुसरेच काहीतरी बसवले आहे, आणि ते काय आहे हे अजून कुणी ठरवलेले नाही. मी चाळीस वर्षे म्हापशात हेच काम करतो. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या तारकामापैकी निम्म्याहून जास्त वस्तू वयाने बिघडलेल्या नसतात, दुरुस्तीने बिघडलेल्या असतात. आणि जो मळ पुसायची सगळ्यांना घाई असते, त्यातच कुठली झाळ, म्हणजे धातू वितळवून केलेला जोड, जुनी, कुठली नवी, कुठली पट्टी मूळची आणि कुठली नंतर बसवलेली हे दिसते. मळ गेला की माझ्यासारख्याला वाचायला काही उरत नाही.

घरी बघायला फार सामान लागत नाही. दहा पटीचे भिंग, दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा, टॉर्च, पांढरा धुतलेला मलमलचा तुकडा आणि थोडा कापूस. काटा मिळाला तर शंभराव्या ग्रॅमपर्यंत दाखवणारा. पंखा बंद करा. हे थट्टेने सांगत नाही. तुटलेल्या तारेचा वेटोळा तांदळाच्या कणीएवढा असतो, उडाला की गेला.

वस्तू मलमलीवर पालथी ठेवा. मी नेहमी मागूनच सुरुवात करतो. पुढची बाजू लोकांसाठी घडवलेली असते आणि दुरुस्त करणाराही पुढचेच साफ करून देतो. मागे त्याचा हात उघडा पडतो.

आता काय बघायचे ते कळण्यासाठी हे काम होते कसे ते सांगतो. तार जंत्रीतून, म्हणजे भोकांच्या पोलादी पट्टीतून, ओढून केसासारखी करतात. अशा दोन तारांना एकत्र पीळ देतात आणि तो पीळ रुळातून काढून चपटा करतात. म्हणून खऱ्या तारकामाची कड भिंगाखाली गुळगुळीत दिसत नाही, बारीक दाण्यांची ओळ लावल्यासारखी दिसते. मग जाड तारेची चौकट वाकवतात आणि पीळदार तारेचे वेटोळे, पाकळ्या, लाटा त्या चौकटीत दाबून बसवतात. ते आधी नुसत्या ताणावर बसलेले असतात. नंतर टाक्याचा, म्हणजे झाळायच्या धातूचा, कीस आणि सवागी (टाकणखार) भुरभुरवून एकाच तावात सगळे झाळतात. चौकट म्हणजे घराचा वासा आणि वेटोळे म्हणजे कुडाची वीण. कुडातली एखादी काडी गेली तर घर उभे राहते.

म्हणून आधी चौकट तपासा. टॉर्च मागून धरा आणि प्रत्येक पट्टीची चौकट चारी कोपऱ्यांवर बघा. कोपऱ्यात काळी केसासारखी रेघ दिसली तर तिथे झाळ सुटली आहे. नखाने अगदी हलके दाबून रेघ रुंदावते का पाहा. रुंदावली तर ती भेग आहे, नाहीतर मळ. नंतर वेटोळे मोजा. खरेच मोजा. पाचही चौकटींत नक्षी एकच असेल, तर एकीत चाळीस वेटोळे आणि दुसरीत सदतीस म्हणजे तीन गेले. कागदावर चौकट काढून गेलेली जागा खुणेने दाखवा. ‘थोडी तार तुटली आहे’ या वाक्याला माझ्या लेखी काही अर्थ नाही. ‘दुसऱ्या चौकटीत वरून तिसरा वेटोळा नाही, चौथा एका बाजूने सुटला आहे’ याला आहे.

सुटलेली तार डोळ्यांना दिसत नाही तेव्हा कापूस कामाला येतो. कापसाचा फुगीर बोळा अजिबात न दाबता नक्षीवरून फिरवा. जिथे धागा अडकला तिथे तारेचे टोक मोकळे आहे. अडकलेला धागा ओढू नका, तिथेच राहू द्या, तीच खूण. मग वस्तू कानाजवळ नेऊन हळूच हलवा. चांगल्या तारकामाचा आवाज कोरडा आणि एकसंध येतो. बारीक खळखळ आली तर कुठेतरी काहीतरी सुटले आहे. शेवटी वस्तू उचलून मलमलीकडे बघा. काळे कण म्हणजे मळ, पांढरी भुकटी म्हणजे जुन्या पॉलिशची पूड, चकाकणारे टोक म्हणजे तार. ते कागदाच्या पुडीत जपून ठेवा, परत बसते.

जोडकड्यांकडे लोक बघतच नाहीत, आणि वस्तू हरवते ती मात्र तिथेच. दोन चौकटी जोडणारी कडी आतल्या बाजूने झिजते. कडीची न झिजलेली जागा आणि झिजलेली जागा शेजारी ठेवून बघा. जाडी निम्मी राहिली असेल तर घालणे बंद. फासा डबी-जिभेचा असेल तर जीभ आत गेल्यावर ‘टक’ आवाज येतो का बघा. नुसती सरकली तर तिचा ताण संपला आहे. हे दुरुस्त होते, फार खर्चही येत नाही.

आता झाळ. या सगळ्या तपासात मला सर्वात जास्त भीती वाटते ती राखी रंगाच्या थेंबाची. मूळ झाळ चांदीचीच असते, रंग जवळपास तोच, आणि इतकी कमी की पिळाचे दाणे मोकळे दिसतात. नंतर कुणीतरी कथील-शिशाची झाळ लावली असेल तर ती फुगीर, निस्तेज, शिसपेन्सिलीच्या रंगाची दिसते आणि दाण्यांवर पसरून त्यांना बुजवते. सुईच्या टोकाने अगदी मागच्या बाजूला टोचा, मऊ लागेल. हे का महत्त्वाचे, ते माझ्याच चुकीवरून सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत तारकामाचा एक क्रूस माझ्याकडे आला. एक वेटोळा लावायचा होता. मी मागची बाजू न बघता ज्योत लावली. कुठल्याशा जुन्या दुरुस्तीतले शिसे वितळले आणि चांदी लाल व्हायच्या आत तिच्यात शिरले. माझ्या डोळ्यांसमोर अर्ध्या मिनिटात बोराएवढे भोक पडले. शिसे तापलेल्या चांदीला आणि सोन्याला खातेच. बाबा काही बोलले नाहीत, त्यांनी क्रूस घेतला आणि पुढचे आठ दिवस त्या घरच्या बाईंना स्वतः तोंड दिले. तेव्हापासून राखी थेंब दिसला की आधी तो खरवडून, साफ करून काढल्याशिवाय ज्योत पेटत नाही. तुमच्या हातातल्यात असा थेंब सापडला तर ती गोष्ट सोनाराला आधी सांगा. ऐकून जो खांदे उडवेल त्याच्याकडून वस्तू परत घ्या.

ओतीव नकलेबद्दल एवढेच: साच्यात ओतलेल्या ‘फिलिग्री’त तारा एकमेकींत वितळून गेल्यासारख्या दिसतात, दाणे बोथट असतात, आणि दोन वेटोळ्यांच्या मधली फट मागून पूर्ण आरपार नसते. आजेसासूबाईंच्या काळातल्या वस्तूत याची शक्यता कमी, पण एखादी चौकट नंतर बदललेली असू शकते.

आता पट्ट्या. तुम्ही त्या ‘हस्तिदंती असाव्यात’ लिहिले आहे. ‘असाव्यात’वर काम करू नये. रंगाने पिवळसर पांढरे आणि कोरलेले इतक्याच गुणांवर चार वस्तू बसतात: हस्तिदंत, हाड, सेल्युलॉइड म्हणजे जुने प्लास्टिक, आणि नंतरचे राळेचे ओतकाम. भिंगाखाली उभ्या बाजूने हस्तिदंतात बारीक रेषा दिसतात, पण त्या थोड्या थरथरत्या, कुठे दाट कुठे विरळ. आडव्या कापावर त्या एकमेकींना छेदून जाळी करतात. पातळ पट्टीच्या कडेवर ही जाळी कधी दिसते, कधी नाही. हाडात रेषांऐवजी काळपट ठिपके आणि तुटक चिरा दिसतात, कारण हाडात रक्तवाहिन्यांच्या नळ्या असतात आणि त्यांत मळ बसतो. सेल्युलॉइडमध्ये नकली रेषा फार शहाण्यासारख्या सरळ असतात, शाळेच्या वहीवर आखल्यासारख्या. ओतकामात पाचही पट्ट्यांवर तेच फूल, तीच पाकळी, तोच ओरखडा. हाताने कोरलेली दोन फुले कधी तंतोतंत जुळत नाहीत. वस्तू दगडाची किंवा पोवळ्याची असेल तर ओठाला गार लागते, रेषांचा प्रश्नच येत नाही.

तापलेली सुई टोचून बघायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. कोरीव कामाला कायमचे भोक पडते, आणि सेल्युलॉइड असेल तर ते भडकन पेटते.

कोरीव कामाची अवस्था बघताना मी एकच गोष्ट आधी बघतो: झीज जुळते का. पन्नास-साठ वर्षे हातात वागवलेल्या वस्तूत चौकटीची उंच कड गुळगुळीत झालेली असते, सोन्याचे पाणी तिथून उडून खालची पांढरी चांदी दिसते. मग त्याच उंचीवरचे फुलाचे टोक, माणसाचे नाक, पक्ष्याची चोचही तितकीच बोथट हवी. चौकट झिजलेली आणि चोच मात्र कालच कोरल्यासारखी धारदार, तर पट्टी बदललेली आहे. उलटेही होते, झिजलेली पट्टी दुसऱ्याच वस्तूतून काढून नव्या चौकटीत. खोलगट जागेतला मळ पाचही पट्ट्यांत सारख्या रंगाचा आहे का तेही बघा. मग घराची कड, म्हणजे पट्टीला धरून ठेवणारी पत्र्याची बारीक किनार. ती सगळीकडे सारखी दाबलेली असेल तर पट्टी बहुधा कधी निघालेली नाही. एका बाजूला हातोडीच्या किंवा चिमट्याच्या खुणा असतील तर कुणीतरी ती उघडली होती. पट्टी आणि घर यांच्यामध्ये पिवळा, बुडबुडे असलेला पारदर्शक थर दिसला तर तो अरल्डाइट गोंद. लाख असेल तर तपकिरी आणि ठिसूळ. लाख मी चालवून घेतो, अरल्डाइटला फार वेळ जातो.

चिरांना घाबरू नका. हस्तिदंत हवेतली ओल पितो आणि सोडतो, आणि एका दिशेने जास्त, एका दिशेने कमी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींना बुरशी येते आणि मग कपाट एसीच्या खोलीत जाते. या ओढाताणीत रेषेच्या दिशेने केसासारखी चीर पडणारच. ती कडेपर्यंत पोचली नसेल आणि तिच्यात जुना मळ भरलेला असेल तर ती शांत आहे. आत स्वच्छ पांढरी दिसणारी चीर ताजी असते, तिच्यावर लक्ष ठेवायचे.

आणि ते हिरवे. इथे सावकाश बघा, कारण तुमच्या पाचही पट्ट्यांचे भवितव्य त्यावर आहे. दागिन्याच्या चांदीत तांबे असते. घाम, तेल, मेण यांच्याशी तांबे मिळून मेणचट हिरवा थर धरते. तो दात कोरायच्या लाकडी काडीने सुटून आला आणि खालची चांदी सपाट निघाली, तर विशेष काही नाही. पण थर निळसर, भुकटीसारखा असेल, खालच्या चांदीला खड्डे पडले असतील, आणि त्याच पट्टीवर चौकोनी जाळीसारखे तडे किंवा चिकटपणा असेल, तर ती पट्टी सेल्युलॉइडची असून सडायला लागली आहे. सडताना ती नायट्रिक आम्लाची वाफ सोडते. ती वाफ शेजारची चांदी खाते आणि शेजारच्या पट्ट्याही बिघडवते. खात्री करायची तर वस्तू काचेच्या झाकणाच्या बरणीत रात्रभर ठेवा. घरात कुणी शाळेत शिक्षक असेल तर निळ्या लिटमसचा ओलसर तुकडा आत टांगा, वस्तूला लागू देऊ नका. सकाळी झाकण उघडताच कापरासारखा किंवा आंबट उग्र वास आला आणि कागद लालसर झाला, तर ती पट्टी थांबायची नाही. अशी एक पट्टी माझ्याकडे आली होती, फोंड्याच्या घरातली. वरून इतकी सुंदर की बाईंना पटेना. मागून चौकटीची तार बोट लावताच भुकटी झाली.

कॅरटमीटरबद्दल, म्हणजे किरण टाकून धातूची शुद्धता सांगणाऱ्या यंत्राबद्दल, एक शब्द, कारण तुम्हाला तिथे नेतीलच. ते यंत्र वरवरचा थर वाचते. सोन्याचे पाणी दिलेल्या चांदीवर ते सोने-चांदीचे मिश्र आकडे देते, आणि तारकामावर किरण अर्धे फटीतून निघून जातात. म्हणून आकडा मागच्या, झिजलेल्या, सपाट जागेवर घ्यायला सांगा. एक मात्र उपयोग आहे: आकड्यांत पारा दिसला तर सोन्याचे पाणी जुन्या पद्धतीने, पाऱ्यात सोने मुरवून आणि तापवून दिलेले आहे, विजेने नव्हे. विजेने मुलामा देण्याची पद्धत १८४० च्या सुमारास सुरू झाली आणि नंतर सगळीकडे पसरली. पाऱ्याचे पाणी असेल तर पॉलिशचे चाक त्याच्या जवळपासही जाऊ देऊ नका.

वस्तू कुठली? लॉरेन्सो मार्किसमध्ये घेतली म्हणजे तिथे घडली असे नाही. मोझांबिकच्या इबो बेटावर चांदीचे काम होत असे, पोर्तुगालमध्ये गोंदोमारचे तारकाम प्रसिद्ध, आणि कोरीव पट्ट्या बसवलेली सोनेरी पाण्याची चांदीची हातातली विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत चीनमधून जहाजे भरून बाहेर जात होती. फाशाच्या जिभेवर भिंग धरा. ‘८३३’ असा आकडा म्हणजे पोर्तुगीज प्रमाणाची चांदी. रोमन अक्षरात नुसते ‘सिल्व्हर’ किंवा सोबत ‘चायना’ असेल तर तो चिनी निर्यातीचा माल. देशाचे नाव छापायची सक्ती अमेरिकेने १८९१ पासून केली. ‘पोर्तुगीज सोने’ म्हणून आपल्याकडे जे येते ते पोर्तुगालचे असेल तर हजारात आठशे, म्हणजे १९.२ कॅरटचे. काहीच शिक्का नसला तरी निराश होऊ नका. गोव्याच्या शेटांनी, म्हणजे सोनारांनी, शिक्के फारसे मारले नाहीत, आणि म्हणून त्यांचे काम हलके ठरत नाही. बॉम जेझू चर्चमधली सेंट झेवियरची चांदीची पेटी याच मातीतल्या कारागिरांनी १६३७ च्या सुमारास घडवली, आणि पोर्तुगालमधल्या विदिगेराच्या मठातले गोव्यात केलेले मौल्यवान धातूकाम आज लिस्बनच्या राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालयात आहे. जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. एक दुपार तिथे घालवून या. चांगली झीज आणि वाईट झीज यांतला फरक माझ्या दहा परिच्छेदांपेक्षा तिथे लवकर कळेल.

पट्ट्या खरेच हस्तिदंती निघाल्या तर कायद्याचे बघावे लागेल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकी हस्तिदंताचाही. म्हणजे विकायचा विचारच नको, आणि जवळ ठेवण्याबाबत वनखात्याकडे मालकीच्या प्रमाणपत्राची चौकशी करा. मुलगी परदेशात असेल तर तिच्या बॅगेतही घालू नका. सराफ ‘मोडीत काही यायचे नाही’ म्हणाला ते वजनाच्या हिशेबाने खरेच आहे. तारकामात धातू असतो किती? पण मोडीच्या काट्यावर अशी वस्तू तोलायचीच नसते.

माझ्या हिशेबाने तुमची वस्तू, तुम्ही लिहिले तेवढ्यावरून, मध्यम अवस्थेत आहे. दोन तुटलेले वेटोळे म्हणजे काही नाही. काळेपणा म्हणजे तर दोष नाहीच. खाचांतला काळा रंग गेला की नक्षी सपाट दिसते. शिवाय ती तार पाव मिलिमीटरच्या आसपास जाड असते, दर पॉलिशला थोडी जाते. हलणारी पट्टी ही मधली गोष्ट. खरा निकाल हिरव्यावर.

तोवर मऊ रंगाच्या कुंचल्याने कोरडी धूळ झाडा, बस. रिठ्याचे पाणी, चिंच, टूथपेस्ट, बाजारातले बुडवून काढायचे द्रावण, आवाजाच्या लहरींचे यंत्र, यांतले काही नको. द्रावण वेटोळ्यांच्या आत शिरते आणि धुतले तरी निघत नाही, महिन्याभराने आतून डाग वर येतात. मखमलीच्या जुन्या डबीतून बाहेर काढा, रबर बँड आणि लोकरीचे कापड लांब ठेवा, ते गंधक सोडतात आणि चांदी काळी करतात. धुतलेल्या मलमलीत, पट्ट्या एकमेकींवर घासणार नाहीत अशी, सपाट ठेवा. हलणारी पट्टी पांढऱ्या रेशमी दोऱ्याने चौकटीला सैल बांधून टाका. गोंद नाही. चतुर्थीला आरास म्हणून देवापुढे तबकात ठेवायची असेल तर ठेवा, समईपासून हातभर लांब. हातात मात्र घालू नका.

बरणीची परीक्षा याच आठवड्यात करा. कागद लाल झाला तर पाऊस-ऊन न बघता या, ती एक पट्टी ताबडतोब वेगळी करावी लागेल आणि बाकीच्या चार वाचवाव्या लागतील. कागद निळाच राहिला तर घाई नको. आता ओलीने पट्ट्या फुगून आपापल्या घरात घट्ट बसल्या आहेत. आत्ता काढायला गेलो तर किनार फाटेल किंवा पट्टी तरी चिरेल. डिसेंबर उजाडला, हवा कोरडी झाली की त्याच पट्ट्या किंचित आक्रसतात आणि नखाच्या धक्क्याने बाहेर येतात. जत्रांचे दिवस सुरू झाले की आणा. येताना ती तुटलेल्या तारांची पुडी विसरू नका.